‘किती दिवस लागतील?’ हा प्रश्न शेवटी विचारा

(ऐकण्याऐवजी वाचणाऱ्यांसाठी या भागाचं शब्दांकन. बोलताना येणारे ‘म्हणजे’ आणि ‘ॲक्च्युअली’ बरेचसे काढलेत, बाकी जवळपास तसंच ठेवलंय.)

आजचा विषय अगदी ऑफिसातला. टीमकडे नवीन प्रोजेक्ट आलाय, प्लॅन करायचाय, आणि आपल्या टीममध्ये किंवा शेजारच्या विभागात अशी काही माणसं आहेत ज्यांनी हे किंवा यासारखं काम आधी केलंय. त्यांच्याकडून शिकायचं कसं?

‘त्यात काय एवढं, जाऊन विचारायचं!’ असं तुम्ही म्हणाल. पण सहा वर्षं सॉफ्टवेअरमध्ये काढल्यावर मला असं दिसलंय की विचारतात सगळेच, हाताला मात्र फार थोड्यांच्या काही लागतं. याचं कारण बहुतेक वेळा प्रश्नात असतं. आपण अनुभवी माणसाकडे सल्ला मागतो. त्याच्याकडे साठलेल्या असतात आठवणी. सल्ला मागितला की सल्ला मिळतो: ‘टेस्टिंगला नीट वेळ ठेवा’, ‘रिक्वायरमेंट आधी पक्क्या करून घ्या’. हे खरंच असतं, पण ते कुठल्याही प्रोजेक्टला लागू पडतं, त्यामुळे आपल्या प्लॅनमध्ये एक ओळसुद्धा बदलत नाही. आठवण मागितली तर मात्र नेमकी आपल्या कामाची गोष्ट बाहेर येते.

‘पुढच्यास ठेच, मागचा शहाणा’ ही म्हण आपल्याला शाळेपासून पाठ आहे. पण पुढच्याला ठेच कुठे लागली, कशी लागली, हे मागच्याने विचारलंच नाही, तर तो शहाणा होणार कसा?

अनुभव आपणहून का बोलत नाही?

घरचं उदाहरण घेऊ. आईला विचारा, ‘पुरणपोळीसाठी पुरण किती घट्ट हवं?’ ती म्हणेल, ‘अगं, अंदाजाने. हाताला कळतं.’ संपला विषय. आता असं विचारा, ‘त्या होळीला पोळ्या फुटत होत्या, तेव्हा काय झालं होतं?’ लगेच सगळं येईल. डाळीतलं पाणी नीट निथळलं नव्हतं, पुरण सैल राहिलं, कणीक भिजवून लगेच लाटायला घेतली, पाहुणे दारात होते म्हणून घाई झाली. माणूस तोच, ज्ञान तेच. पहिल्या प्रश्नाला उत्तर नव्हतं, दुसऱ्याला पूर्ण पाककृती मिळाली, आणि ती कुठे फसते तेही कळलं.

गॅरी क्लाइन नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९८० च्या दशकात अग्निशमन दलातल्या अधिकाऱ्यांचा अभ्यास केला. आग लागलेल्या इमारतीसमोर उभं राहून काही सेकंदांत ही माणसं निर्णय कसे घेतात, हे त्याला समजून घ्यायचं होतं. पण ‘तुम्ही निर्णय कसे घेता?’ याला उत्तर साधारण असं यायचं की आम्ही निर्णय वगैरे घेत नाही, जे करायचं ते करतो. मग क्लाइन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी पद्धत बदलली. एखादी अवघड, प्रत्यक्ष घडलेली घटना सांगा म्हणायचं, आणि त्या घटनेतून पायरी पायरीने पुन्हा जायचं: तेव्हा काय दिसत होतं, काय खटकलं, दुसरं काय करता आलं असतं. यातून जे हाती आलं ते थेट विचारून कधीच आलं नसतं.

आपल्याकडे याला आणखी एक पदर आहे. मीटिंगमध्ये मॅनेजर, मॅनेजरचा मॅनेजर असे सगळे बसलेले असताना जुना माणूस धोके सांगायला कचरतो. उगाच ‘निगेटिव्ह’ म्हणून शिक्का बसायचा. हात दाखवून अवलक्षण कोण करून घेणार? म्हणून ‘कोणाला काही शंका?’ या प्रश्नावर जी शांतता पसरते, तिचा अर्थ होकार असा लावू नका.

आमचं काम काय होतं

आता नुसतं तत्त्व सांगण्यापेक्षा आमच्या प्रोजेक्टवरून सांगते. कंपनीचं नाव घेत नाही, त्याची गरजही नाही. पुण्यातली टीम, सहा जण. कंपनी दुचाकीसाठी कर्ज देते. दर महिन्याला ग्राहकाच्या बँक खात्यातून हप्ता, म्हणजे ईएमआय, आपोआप कापला जातो. हे होतं ‘नॅच’मधून, म्हणजे एनपीसीआय चालवत असलेल्या नॅशनल ऑटोमेटेड क्लिअरिंग हाऊसमधून. ग्राहकाने कर्ज घेताना एक मँडेट दिलेलं असतं: माझ्या खात्यातून दरमहा इतके रुपये घ्या. कर्ज देणारी कंपनी ठरलेल्या तारखेसाठी सगळ्या मँडेटची फाइल तयार करून आपल्या बँकेमार्फत पाठवते, आणि कोणाचा हप्ता मिळाला, कोणाचा परत आला, याची रिस्पॉन्स फाइल उलट येते.

ही फाइल तयार करणारी सिस्टीम खूप जुनी होती. ती नव्याने लिहायची, हे आमचं काम. वरून आकडा आला होता चार महिन्यांचा. प्लॅन नक्की करायला तीन आठवडे मिळाले होते.

ऐकायला हे कोरडं वाटतं. पण यात काही बिघडलं तर काय होतं बघा. समजा बावीस हजार पगाराच्या माणसाचा चार हजारांचा हप्ता दोनदा गेला. त्या महिन्याचं घरभाडं अडलं, मुलांची फी अडली. पैसे परत मिळतात, पण मिळेपर्यंत त्याने काय करायचं? किंवा हप्ता चुकीच्या दिवशी गेला, खात्यात पैसे नव्हते, तो बाउन्स झाला. मग आमचा बाउन्स चार्ज वेगळा आणि त्याच्या बँकेचा वेगळा, वर क्रेडिट रेकॉर्डला डाग. चूक सॉफ्टवेअरची, भोगणारा भलताच.

आणि ही सिस्टीम आतून-बाहेरून ओळखणारी एकच व्यक्ती उरली होती: ऑपरेशन्समधल्या मॅडम. वीसहून जास्त वर्षं त्यांनी हेच काम केलेलं. मार्चअखेर त्या रिटायर होणार होत्या. आम्ही प्लॅनला बसलो तेव्हा ऑगस्ट चालू होता.

पहिला प्रश्न: सगळ्यात वाईट महिना कुठला होता?

‘मॅडम, या सिस्टीममध्ये काय काय लक्षात ठेवायला हवं?’ असं आधी कोणीतरी विचारलं होतं. उत्तर आलं, ‘तसं काही नाही, चालते व्यवस्थित.’ मग आम्ही दोघी जणी चहाच्या वेळी त्यांच्याकडे गेलो आणि विचारलं, ‘मॅडम, इतक्या वर्षांत तुमचा सगळ्यात वाईट महिना कुठला?’

त्या क्षणभरही थांबल्या नाहीत. ‘अगं, मार्च २०२०.’

लॉकडाऊन सुरू होऊन दोन-तीनच दिवस झाले होते. २७ मार्चला, शुक्रवारी, रिझर्व्ह बँकेने जाहीर केलं की कर्जदारांना तीन महिन्यांची सवलत, म्हणजे मोरॅटोरियम, देता येईल. निर्णय लोकांच्या भल्याचा होता. पण इकडे एप्रिलच्या पाच तारखेच्या हप्त्यांची तयारी झालेली. ‘सिस्टीमला फाइल बनवता यायची,’ मॅडम म्हणाल्या, ‘थांबवता यायची नाही. तसं कधी लागलंच नव्हतं.’ सगळे आपापल्या घरी, निम्म्यांकडे लॅपटॉप नाही, आणि कोणाचे हप्ते थांबवायचे त्याची यादी रोज बदलतेय. त्यांनी आणि आणखी तिघांनी एक्सेलमध्ये याद्या जुळवून, एकेक नाव हाताने वगळून त्या फाइल्स पाठवल्या. मे महिन्यात सवलत ऑगस्टअखेरपर्यंत वाढली, तेव्हा हेच सगळं पुन्हा.

या एका आठवणीने आमच्या प्लॅनमध्ये काय बदललं ते सांगते. आमच्या यादीत वेग होता, रिपोर्ट होते, सुंदर डॅशबोर्ड होता. ‘थांबवणं’ कुठेच नव्हतं, कारण ते कोणी मागितलं नव्हतं. आता पहिल्या पानावर ते आलं: एका ग्राहकाचा, एका बँकेचा, एका जिल्ह्याचा किंवा सगळ्यांचा हप्ता एका संध्याकाळीत थांबवता आला पाहिजे, आणि कोणी, कधी, का थांबवला याची नोंद राहिली पाहिजे.

हाच प्रश्न आम्ही कॉल सेंटरच्या लोकांनाही विचारला: ‘सगळ्यात जास्त फोन कुठल्या दिवशी आले होते?’ तिथून दुसरी गोष्ट कळली. एकदा रिस्पॉन्स फाइल उशिरा आली, कोणाला तरी वाटलं की आपली फाइल गेलीच नाही, आणि ती पुन्हा पाठवली गेली. म्हणजे दोनदा हप्ता कापला जाण्याचं मूळ कोडमध्ये नव्हतंच, ते ‘उत्तर आलं नाही’ आणि ‘पाठवलं नाही’ यातल्या गोंधळात होतं. हे कुठल्याही आर्किटेक्टने सांगितलं नसतं. म्हणून लक्षात ठेवा, अनुभवी म्हणजे मोठ्या हुद्द्याचा असं नाही. ज्याने बिघाड निस्तरलाय तो अनुभवी.

दुसरा प्रश्न: हे इथे का आहे?

जुन्या कोडमध्ये प्रत्येक टीमला काही विचित्र गोष्टी सापडतात. आम्हाला दोन सापडल्या. एक, डेटाबेसमधला एक रकाना, ज्याचं नाव वाचून काही बोध होत नव्हता. दोन, सुट्टीचा नियम: हप्त्याची तारीख बँकेच्या सुट्टीला आली तर फाइल पुढच्या कामाच्या दिवसाची बनवायची.

तरुण इंजिनिअरचा हात लगेच डिलीटकडे जातो. इंग्रजी लेखक चेस्टरटन याने १९२९ मध्ये मांडलेला एक दृष्टांत इथे कामाचा आहे. रस्त्यात आडवं कुंपण दिसलं आणि ते कशासाठी आहे हे कळत नसेल, तर ते काढायचा हक्क तुम्हाला अजून मिळालेला नाही. आधी ते कोणी आणि का घातलं ते शोधा, मग वाटलं तर काढा.

रकान्याचं उत्तर मॅडमकडेच होतं. तो मार्च २०२० च्या धावपळीत घातलेला ‘थांबा’चा शिक्का निघाला, आणि काही जुन्या खात्यांवर तो अजून लागू होता. काढला असता तर त्या खात्यांवर पुढच्याच महिन्यात हप्ते सुरू झाले असते.

सुट्टीच्या नियमाचं उत्तर वेगळं आलं. पूर्वी नॅच फक्त बँकांच्या कामाच्या दिवशी चालायचं. १ ऑगस्ट २०२१ पासून ते आठवड्याचे सगळे दिवस चालू झालं, रविवार आणि सुट्ट्या धरून. म्हणजे ज्या कारणासाठी ते कुंपण घातलं होतं, ते कारण उरलं नव्हतं. पण मॅडमनी लगेच जोडलं, ‘ग्राहकाला आपण जी तारीख कळवतो ती मात्र अजून जुन्या नियमाने निघते. दोन्ही एकदम बदला, नाहीतर त्याला सांगणार सोमवार आणि पैसे जाणार रविवारी.’ म्हणजे एक कुंपण ठेवायचं, दुसरं काढायचं, आणि काढताना कुठल्या क्रमाने, हेही कळलं. ‘हे काढू का?’ असं विचारलं असतं तर फक्त हो किंवा नाही मिळालं असतं.

जुन्या कोडचा इतिहास न विचारणं किती महाग पडू शकतं, याचं गाजलेलं उदाहरण अमेरिकेतल्या नाइट कॅपिटल या शेअर ट्रेडिंग कंपनीचं आहे. त्यांच्या सिस्टीममध्ये २००३ पासून वापरात नसलेला एक कोड तसाच पडून होता. २०१२ मध्ये नवीन सोय जोडताना, हा जुना कोड चालू करणारा फ्लॅग नव्या कामासाठी पुन्हा वापरला गेला. आठपैकी एका सर्व्हरवर नवा कोड चढवायचा राहिला. १ ऑगस्टच्या सकाळी बाजार उघडला आणि त्या एका सर्व्हरवर फ्लॅगने जुना कोड जागा केला. पाऊण तासात चाळीस लाखांहून अधिक व्यवहार झाले आणि ४६ कोटी डॉलरपेक्षा जास्त नुकसान. डिप्लॉयमेंटची तपासणी कमी पडली, हे एक कारण झालं. पण ‘हा फ्लॅग आधी कशासाठी होता?’ हा प्रश्नही तितकाच मोलाचा होता.

तिसरा प्रश्न: मागच्या वेळी प्रत्यक्षात किती दिवस लागले?

आता येऊ वेळेच्या अंदाजाकडे. ‘किती दिवस लागतील?’ हा प्रश्न शेवटी विचारा असं मी म्हणते, त्यामागे एक प्रसिद्ध किस्सा आहे.

डॅनियल काहनेमन, पुढे ज्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, ते १९७० च्या दशकात इस्राएलमध्ये शाळांसाठी एक अभ्यासक्रम आणि पाठ्यपुस्तक तयार करणाऱ्या टीममध्ये होते. एके दिवशी त्यांनी सगळ्यांना कागदावर लिहायला सांगितलं: आपलं काम पूर्ण व्हायला किती काळ लागेल? सगळ्यांची उत्तरं साधारण दीड ते अडीच वर्षांच्या मध्ये आली. टीममध्ये सेमूर फॉक्स हे अभ्यासक्रम बनवण्यातले जाणकार होते. त्यांचंही उत्तर त्यातच. मग काहनेमननी त्यांना वेगळा प्रश्न विचारला: आपल्यासारख्या इतर टीम तुम्ही पाहिल्यात, त्यांना किती लागले? फॉक्स विचारात पडले. म्हणाले, जवळपास ४० टक्के टीमनी काम पूर्णच केलं नाही, आणि ज्यांनी केलं त्यांना सात ते दहा वर्षं लागली. आणि आपली टीम? सरासरीपेक्षा थोडी कमीच. शेवटी ते पुस्तक पूर्ण व्हायला आठ वर्षं लागली.

यात मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे, की माहिती फॉक्स यांच्या डोक्यातच होती. तरी स्वतःचा अंदाज देताना त्यांनाही ती आठवली नाही. प्रश्न बदलला तेव्हाच ती वर आली. काहनेमन आणि ट्वर्स्की यांनी १९७९ मध्ये या प्रवृत्तीला ‘प्लॅनिंग फॅलसी’ म्हटलं. मराठीत आपण तिला नियोजनाचा भ्रम म्हणू. आपण आपल्या कामाच्या आत शिरून अंदाज करतो, आणि तशाच इतर कामांचं काय झालं तिकडे बघत नाही. सिडनीचं ऑपेरा हाऊस १९६३ मध्ये सत्तर लाख ऑस्ट्रेलियन डॉलरमध्ये पूर्ण होईल असा अंदाज होता. ते १९७३ मध्ये उघडलं, खर्च दहा कोटींच्या वर.

आम्ही काय केलं? आमच्या सीनियर आर्किटेक्ट सरांना विचारलं, ‘सर, गेल्या काही वर्षांत आपण जुन्या सिस्टीम नव्याने लिहिल्या, त्या कुठल्या? सुरू कधी केल्या, आणि जुनी सिस्टीम खरोखर बंद कधी झाली?’ नीट बघा, ‘नवीन सुरू कधी झाली’ असं विचारलं नाही. जुनी बंद होईपर्यंत काम संपलेलं नसतं. सरांनी तीन कामं सांगितली, जुन्या ईमेलमधून तारखा काढल्या. तिन्ही कामांना सांगितलेल्या वेळेच्या दीडपट ते दुप्पट वेळ लागला होता. कारण तिन्ही वेळी एकच: जुनी आणि नवी सिस्टीम शेजारी चालवून आकडे जुळवण्याचा काळ कोणी धरलाच नव्हता.

आता मॅनेजरशी बोलताना आमच्याकडे ‘आम्हाला वाटतं’ नव्हतं. तीन प्रोजेक्ट, सहा तारखा होत्या. ‘मग दोन माणसं वाढवू का?’ असं आलंच. फ्रेडरिक ब्रुक्स यांनी आयबीएममधल्या अनुभवावरून १९७५ मध्ये लिहिलेलं एक निरीक्षण सरांनी तिथे सांगितलं: उशीर झालेल्या सॉफ्टवेअर प्रोजेक्टमध्ये माणसं वाढवली की उशीर वाढतो, कारण नव्यांना शिकवायचं काम जुन्यांवरच येतं. आमच्या बाबतीत ‘जुन्या’ म्हणजे मॅडम, एकट्या. चार महिन्यांचे सात झाले.

चौथा प्रश्न: समजा हे फसलं. का फसलं?

ही पद्धतही गॅरी क्लाइनचीच. २००७ मध्ये त्याने यावर एक छोटा लेख लिहिला. नाव ‘प्रीमॉर्टम’, म्हणजे मरणाआधीच केलेली मरणोत्तर तपासणी. काम सुरू करण्याआधी सगळ्यांनी कल्पना करायची की प्रोजेक्ट पूर्ण फसलाय, आणि प्रत्येकाने वेगवेगळं बसून कारणं लिहायची.

‘काही धोका आहे का?’ यापेक्षा हे बरं चालतं, कारण इथे धोका सांगणारा निगेटिव्ह ठरत नाही. फसलंय हे आधीच मान्य केलेलं असतं, त्यामुळे कारण सांगणारा हुशार ठरतो.

आम्ही साध्या चिठ्ठ्या वापरल्या, नाव न लिहिता. आपल्याकडे सर बोलले की बाकीचे माना डोलावतात, म्हणून आधी सगळ्या चिठ्ठ्या वाचायच्या, चर्चा नंतर, आणि सर आणि मॅडम सगळ्यात शेवटी बोलणार, असं ठरवलं. एका चिठ्ठीवर लिहिलं होतं: ‘मार्च संपला, मॅडम रिटायर झाल्या, पाच एप्रिलला फाइल अडकली.’

खोलीत सगळे गप्प झाले. मग मॅडमच हसल्या. म्हणाल्या, ‘बरं झालं कोणीतरी लिहिलंत. मला वाटलं मीच बोलायचं की काय.’

त्या चिठ्ठीमुळे प्लॅनमध्ये असं काम आलं, ज्यात कोडची एकही ओळ नव्हती. दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात आमच्यातले दोघे आलटून पालटून मॅडमशेजारी बसणार. पहिले दोन महिने नुसतं बघायचं. पुढचे दोन महिने आम्ही करायचं, त्या बघणार. शेवटी त्या दुसऱ्या मजल्यावर बसणार आणि आम्ही अडलो तरच फोन करायचा.

अनुभव कधी फसवतो?

प्रत्येक जुना माणूस बरोबर असतोच असं नाही. उंटावरचे शहाणेही प्रत्येक ऑफिसात असतात. मग कोणाचं किती ऐकायचं?

यावर काहनेमन आणि क्लाइन यांनी २००९ मध्ये मिळून एक लेख लिहिला. गंमत अशी की एकाची ओळख अंतःप्रेरणेवर शंका घेणारा, आणि दुसऱ्याची तिच्यावर भरवसा ठेवणारा. तरी त्यांचं दोन अटींवर एकमत झालं. अनुभवी माणसाच्या अंदाजावर विश्वास कधी ठेवावा? एक, ज्या कामाबद्दल बोलतोय त्यात काही नियमितपणा असेल तेव्हा. दोन, आपला अंदाज बरोबर आला की चूक, हे त्या माणसाला वेळोवेळी कळत आलं असेल तेव्हा.

मॅडमच्या बाबतीत दोन्ही होतं. दर महिन्याला तेच चक्र, आणि दोन-चार दिवसांत निकाल समोर. दुसरीकडे आर्किटेक्ट सरांना वाटत होतं की इतक्या नोंदी डेटाबेसला एका रात्रीत झेपणार नाहीत. मी विचारलं, ‘सर, असा अनुभव शेवटचा कधी आला होता?’ म्हणाले, दहा वर्षांपूर्वी, जुन्या मशीनवर. आणि लगेच पुढे म्हणाले, ‘हे माझं ऐकू नका, मोजून बघा.’ मोजलं, झेपत होतं. खरा अनुभवी माणूस आपल्या अनुभवाची एक्स्पायरी डेटसुद्धा सांगतो.

विचारण्याची रीत

थोडक्यात काही व्यवहाराच्या गोष्टी. एकेकट्याला भेटा, मोठ्या मीटिंगमध्ये नको. ‘पाच मिनिटं आहेत का?’ म्हणून तासभर घेऊ नका, सरळ तास मागा. आधी जुना कोड आणि कागदपत्रं वाचून जा. जे वाचून कळतं ते विचारलं की समोरचा माणूस मिटतो. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात ऑपरेशन्सच्या माणसाकडे जाऊ नका, त्यांची तेव्हा लढाई चालू असते.

ऐकलेलं त्याच दिवशी लिहून त्यांना दाखवा. ‘असं नाही म्हटलं मी’ यातून निम्मं शिक्षण होतं. आणि कुठलाही निर्णय लिहिताना तीन ओळी तरी लिहा: परिस्थिती काय होती, काय ठरवलं, त्यामुळे कशावर पाणी सोडलं. मायकेल नायगार्ड यांनी २०११ मध्ये सॉफ्टवेअरच्या निर्णयांसाठी अशीच छोटी नोंद सुचवली होती. मॅडमच्या आठवणीतून घेतलेल्या प्रत्येक निर्णयाच्या नोंदीत आम्ही त्यांचं नाव लिहिलं. एक तर ते त्यांचं श्रेय. शिवाय पुढच्याला कळतं की कुंपण कोणी घातलं.

पुढे काय झालं?

डिसेंबर ते फेब्रुवारी दोन्ही सिस्टीम शेजारी चालल्या. नवीन फाइल बनायची, पाठवली जायची नाही, फक्त जुनीशी ताडून बघायची. मार्चमध्ये नवी सुरू झाली. ३१ तारखेला मॅडमचा निरोप समारंभ झाला. एप्रिलमध्ये एका बँकेच्या बाजूने अडचण आली, तेव्हा त्या बँकेचे सगळे हप्ते आम्ही संध्याकाळी थांबवले आणि दोन दिवसांनी सोडले. थांबवायला दोन मिनिटं लागली. कोणाला फोन करावा लागला नाही, आणि ग्राहकांना तर काही घडलं हेही कळलं नाही.

तर मंडळी, तुमच्याकडे नवं काम आलं असेल तर या आठवड्यात एवढंच करा. ते काम आधी केलेलं, किंवा त्याचा बिघाड निस्तरलेला एक माणूस शोधा. त्याला सल्ला मागू नका. विचारा, सगळ्यात वाईट दिवस कुठला होता? आणि मग मध्ये न बोलता ऐका. अशी माणसं ऑफिसात कायम नसतात, म्हणून पुढच्या महिन्यावर ढकलू नका.

भेटूया पुढच्या भागात. तोवर, काळजी घ्या!